दुसरे अपील

सातिवलीत आज जेथे औद्योगिक गाळ्यांच्या रांगा उभ्या आहेत तेथे एके काळी भाताची खाचरे होती. आणि खाचर म्हटले की बांध आला, बांध म्हटला की वहिवाट आली आणि वहिवाटीच्या पाठोपाठ तंटा आला, हा आपल्या उत्तर कोकणातील जमिनीचा पूर्वापार क्रम आहे. अशा एका तंट्याची कल्पना करू या. मागच्या शेताला जाणारी पायवाट पुढच्या मालकाने कुंपण घालून बंद केली, आणि त्या वाटेवरील आपला हक्क शाबीत व्हावा म्हणून मागच्या शेतकऱ्याने वसईच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला. १८८२ चा सुविधाधिकारांचा कायदा, जो पुढे १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला, त्याचे मागणे असे की वापर सलग वीस वर्षे, उघडपणे, निर्वेधपणे आणि हक्काच्या नात्याने झालेला असला पाहिजे. शेजाऱ्याच्या मेहेरबानीने कोणी पन्नास वर्षे त्या वाटेने ये-जा केली तरी त्यातून हक्क उत्पन्न होत नाही. म्हणजे सारा दावा एकाच गोष्टीवर येऊन ठेपतो: वादीचा बाप त्या वाटेने बैल घेऊन जाई तेव्हा तो विचारून जाई, की न विचारता?

ही गोष्ट कोणत्याही दप्तरात नसते. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात पायवाटेची नोंद क्वचितच सापडते. ती असते शेजारच्या वृद्धांच्या स्मरणात, आणि ते स्मरण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून, उलटतपासणी सोसून, जबानीच्या कागदावर उतरावे लागते. कोर्ट कमिशनर जागेवर जाऊन नकाशा काढतो, बांधावरचा ताड दाखवतो, कुंपणाची लांबी मोजतो. परंतु जाणाऱ्याच्या आणि जाऊ देणाऱ्याच्या मनात काय होते ते नकाशावर उमटत नाही. साक्षीदार कोणत्या प्रश्नाला अडखळला आणि कोणत्या प्रश्नाला तडफेने बोलला, हे प्रत्यक्ष पाहणारा न्यायाधीश एकच, आणि तो पहिल्या पायरीवरचा.

दावा फेटाळला गेला आणि जिल्हा न्यायालयातही अपील नामंजूर झाले म्हणजे पक्षकाराची दृष्टी मुंबईकडे वळते. सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालत यांचे विसर्जन होऊन १८६२ च्या ऑगस्टमध्ये जे उच्च न्यायालय स्थापन झाले त्याच्याविषयी खेड्यापाड्यांत असलेला आदर अकारण नाही. ‘हायकोर्टापर्यंत जाईन’ हे आपल्याकडील भांडणातले निर्वाणीचे वाक्य आहे. परंतु तेथे पोहोचल्यावर त्याला कळते की ज्या पायवाटेसाठी आपण आलो तिच्याकडे हे न्यायालय सहसा पाहणार नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या शंभराव्या कलमात १९७६ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून दुसरे अपील केवळ कायद्याच्या सारभूत प्रश्नावरच दाखल होऊ शकते, आणि तो प्रश्न न्यायालयाने स्वतः शब्दबद्ध करावा लागतो. ही कठोरता केवळ त्या दुरुस्तीने आणलेली नाही. वस्तुस्थितीचा निष्कर्ष कितीही ढोबळ चुकीचा असला तरी तेवढ्यावरून दुसरे अपील चालणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने दुर्गा चौधराणीच्या खटल्यात १८९० सालीच बजावले होते.

या मर्यादेला माझा विरोध नाही. प्रत्येक पायरीवर साऱ्या साक्षींचा फेरविचार होऊ लागला तर ज्याची थैली जड तोच अखेरपर्यंत टिकेल, आणि गरिबाने जिंकलेला दावाही कधी जिंकलेला राहणार नाही. शिवाय पुरावा मुळीच नसताना काढलेला निष्कर्ष हा कायद्याचाच प्रश्न होतो, एवढी वाट मोकळी आहेच. माझे म्हणणे निराळे आहे. वरच्या न्यायालयाने वस्तुस्थितीकडे पाहावयाचे नाही असे एकदा ठरवल्यावर, ती जेथे कायमची निश्चित होते त्या पहिल्या न्यायालयाची प्रतिष्ठा, त्याला मिळणारा वेळ आणि त्याच्या न्यायाधीशाची योग्यता ही सर्वांत आधी वाढवावयास हवी होती; आपण मात्र आदर सगळा वर नेऊन ठेवला आणि खाली तारखा ठेवल्या.

प्रश्न आणि वस्तुस्थिती यांची ताटातूट किती निष्ठुर होऊ शकते याचे उदाहरण याच हायकोर्टात घडले आहे. बालवयात विवाह झालेली आणि पतीच्या घरी कधीच नांदावयास न गेलेली रखमाबाई हिच्यावर तिचा पती दादाजी भिकाजी याने, तिने नांदावयास यावे म्हणून, १८८४ साली दावा लावला. तिला जाण्याची इच्छा नाही ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य होती. हायकोर्टाच्या मूळ शाखेत न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्या अनिच्छेकडे पाहिले आणि १८८५ साली दावा काढून टाकला. अपिलात सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांच्यापुढे उरला तो केवळ असा दावा कायद्याने चालतो की नाही हा प्रश्न. त्यांनी पिन्ह्यांचा निर्णय फिरवून प्रकरण परत पाठवले, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीकडे जा अथवा सहा महिने कैद भोग असा हुकूम दिला. पुढे १८८८ साली आपसात तडजोड झाली, रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, हे सर्वश्रुत आहे. प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या कायद्यास धरून असेलही. पण ज्या स्त्रीविषयी तो प्रश्न होता ती त्या उत्तरात कोठेच नव्हती.

याउलट जाणारी एक वाट आपल्या प्रांताने पाहिलेली आहे. १८७५ साली सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले, आणि त्यानंतर पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी १८७९ चा साहाय्यक कायदा झाला. कर्जरोख्यावरची सही पाहून थांबू नका, व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास उकरून काढा, असे या कायद्याने मुन्सफाला फर्मावले. अशा दाव्यांतील अपिलाचा मार्ग बंद केला आणि त्याऐवजी खालच्या न्यायालयांवर देखरेख करण्यास एक विशेष न्यायाधीश नेमला. न्यायमूर्ती रानडे हायकोर्टाच्या आसनावर १८९३ साली बसले, त्यापूर्वी या देखरेखीच्या कामात ते वर्षानुवर्षे होते. रानड्यांचे स्मरण करताना त्यांच्या या कामाचा उल्लेख आपण फार थोडा करतो, याचे मला नेहमी दुःख वाटते. कारण त्या योजनेत कितीही उणिवा असल्या तरी मूळच्या चौकशीवर भर देण्यातील दृष्टी यथार्थ होती.

सातिवलीच्या त्या कल्पित वादीचे दुसरे अपील दैवयोगाने दाखल झाले, सारभूत प्रश्न निघाला आणि फेरचौकशीसाठी दावा वसईला परत आला, तरी दरम्यानच्या काळात जमीन बिनशेती होऊन तीवर गाळे उभे राहिलेले असतील आणि बैल घेऊन जाणाऱ्या बापाला पाहिलेला साक्षीदार हयात नसेल. याला उपाय संहितेतच आहे. अठराव्या आदेशाच्या सोळाव्या नियमाप्रमाणे, साक्षीदार अधिकारक्षेत्र सोडून जाणार असेल किंवा अन्य पुरेसे कारण असेल तर दावा दाखल झाल्यानंतर केव्हाही त्याची जबानी ताबडतोब घेता येते. ऐंशी वर्षांचे वय हे ‘पुरेसे कारण’ मानावयास हरकत कसली? वहिवाटीच्या दाव्यात वकिलाने अर्जी द्यावी ती पहिल्याच तारखेला, आणि न्यायाधीशाने मनाई हुकुमाच्या युक्तिवादापूर्वी त्या वृद्धाला पिंजऱ्यात खुर्ची देऊन, त्याचे म्हणणे त्याच्या मराठीत, घाई न करता, लिहून घ्यावे.