कागदावर तुझं नाव हवं

सिव्हिल लाइन्स, जयपूर

चि. भाचीस,

तू आणि तुझी मैत्रीण नाशकात जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचं दुकान टाकताय आणि त्यावरून घरात वाद चाललाय, हे ताईने फोनवर सांगितलं. ‘शिकलेल्या मुलीने गाड्यांची दलाली करायची?’ असं दाजी म्हणाले म्हणे. त्यांच्यावर रागावू नकोस. या धंद्याचं नाव खराब आहे आणि ते उगाच झालेलं नाही. उभं आयुष्य मी विम्याचा सर्व्हेअर म्हणून अपघातातल्या गाड्या तपासल्या. त्यांतल्या काही पुढे रंग लावून, पॉलिश करून पुन्हा विकायला उभ्या राहिलेल्या पाहिल्या. म्हणून हे पत्र.

आमच्या या भागात राज्यपाल राहतात, मुख्यमंत्री राहतात, अधिकाऱ्यांचे बंगले आहेत. त्यामुळे जयपुरात जुनी गाडी विकणारा बोलता बोलता सांगतो, ‘सिविल लाइंस की गाड़ी है, साहब ने ही चलाई है.’ तुमच्याकडे तीच गाडी ‘डॉक्टरांची, सिंगल हँड, शोरूम मेंटेन्ड’ होते. खरं असेलही, पण गिऱ्हाइकाने ते पडताळायचं कसं? साऱ्या बदनामीचं मूळ इथे आहे.

जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच प्रश्नावर निबंध छापला. १९६७-६८ हे वर्ष तो भारतात होता आणि निबंध नाकारल्याचं पहिलं पत्र त्याला इथेच मिळालं. त्याचं म्हणणं सरळ आहे. गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. मग घेणारा सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो ती घरीच ठेवतो. बाजारात उरतात त्या वाईट गाड्या, आणि भाव आणखी पडतो. बाजारच्या तांदळात मुद्दाम मिसळलेले खडे भारतीय गृहिणीला वेचावे लागतात, हेही उदाहरण त्याने त्यात दिलं. या कामासाठी २००१ साली त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. त्यातून एक गोष्ट नीट घे: इथे प्रत्येक विक्रेता लबाड असावाच लागत नाही. थोडे लबाड पुरतात, आणि बाजार चांगल्या माणसालाही त्यांच्याच भावाने मोजतो.

आता आपल्याकडचा खास आजार सांगतो. छोटा डीलर मालकाकडून गाडी घेतो ती मालकी बदलाच्या, सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर. गिऱ्हाईक मिळेपर्यंत गाडी त्याच्याकडे उभी असते, कधी फिरतेही. पुढे आरसी मूळ मालकाच्या नावावरून थेट नव्या गिऱ्हाइकाच्या नावावर जाते. ज्याने पैसे घेतले, ज्याने शब्द दिला, त्याचं नाव एकाही कागदावर येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. हे दिवस उलटून जातात आणि मधल्या काळात गाडीने कोणाला उडवलं, तर नोटीस जाते मूळ मालकाच्या घरी. ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की गाडी कितीही हातांतून गेलेली असो, नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच नुकसानभरपाईला जबाबदार. सही करून निर्धास्त झालेला माणूस अडकतो आणि मधला माणूस मोकळा राहतो. लोक चिडतात ते यावर.

सरकारने यावर उपाय केला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकृततेचं प्रमाणपत्र घ्यायचं. ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना द्यायची, आणि तिथून डीलरच मालक मानला जातो. गाडी बाहेर काढायची ती चाचणीसाठी, दुरुस्तीसाठी, अशा ठरलेल्या कामांपुरती, आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवायची. हे प्रमाणपत्र तू घेच. जीएसटीलाही घाबरू नकोस. डिसेंबर २०२४ मध्ये आमच्या राजस्थानात, जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली. तिथे जुन्या गाड्यांवरचा दर १८ टक्के ठरला, पण तो नोंदणीकृत विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. हे गिऱ्हाइकालाही समजावून सांग आणि बिल दे.

माझ्या कामातलं आता. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात आणि सांगाडा विकला जातो. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, असं कलम ५५ सांगतं. ते झालं नाही आणि आरसी जिवंत राहिली, तर त्या सांगाड्याचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढवता येतो. म्हणून गाडी घेताना चासी नंबरच्या आजूबाजूचा पत्रा बघ. वेल्डिंगची खूण, घासलेला रंग, वेडेवाकडे अंक दिसले तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून दे. बॉनेट उघडून पुढचे पत्रे बघ, दारांचे रबर काढून पिलरवरचे कंपनीचे स्पॉट वेल्ड बघ. गालिचाखाली गाळ किंवा सीटच्या पट्ट्यांना गंज असेल तर गाडी पुरात उभी होती असं समज. मीटर मागे फिरवता येतो, पण सर्व्हिसच्या नोंदी, झिजलेलं पेडल आणि स्टिअरिंग बोलतात. टायरवर चार अंक असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला दुसऱ्यांदा नवे टायर का लागले, हे विचार. आणि लक्षात ठेव, पहिलं खोटं बऱ्याचदा गाडी विकायला येणारा गृहस्थच बोलतो. डीलरही फसतो.

जयपूर रंगीत रत्नांचं शहर आहे. पाणीदार माणिक आणि रंग भरलेलं काच-माणिक साध्या डोळ्यांना सारखंच दिसतं. तिथेही हाच पेच होता. १९७२ साली इथे रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळा निघाली. खडा कसा आहे हे आता विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहत नाही, कागद सांगतो. तुझ्या दुकानात तो कागद तू तयार कर. प्रत्येक गाडीचं एक पान: किती मालक, कोणते पत्रे बदलले, कुठे रंग मारला, विम्याचे दावे, कर्जाची नोंद उतरली का, दंड थकले आहेत का. खाली तुझी सही आणि शिक्का. दोष गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांग. त्या पानामुळे एखादी गाडी पाच-दहा हजारांनी कमी जाईल, जाऊ दे.

मोठ्या कंपन्या आल्यात म्हणून कचरू नकोस. मारुतीचं ट्रू व्हॅल्यू २००१ पासून आहे, कारदेखो २००८ साली आमच्या जयपुरातच सुरू झालं. पण बारा वर्षांची ऑल्टो घ्यायला येणारा शिकवणीवाला, वायरमन, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायची म्हणून आयुष्यातली पहिली गाडी घेणारा माणूस छोट्याच दुकानात येतो. त्याच्याकडे फसायला जास्तीचे पैसे नाहीत. त्याला प्रामाणिक दुकानाची गरज सर्वांत जास्त आहे, म्हणून हा धंदा चांगल्या माणसांनी करायला हवा. दाजींना हे माझ्याकडून सांग.

प्रमाणपत्र हातात येईपर्यंत एकही गाडी विकत घेऊ नकोस, आणि कोऱ्या फॉर्मवर कोणाची सही कधीच घेऊ नकोस.

तुझा,
मामा