शिकाऊ हाताची किंमत

तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय हस्तलिखितांसाठी सर्वश्रुत आहे. परंतु त्याच संग्रहात दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकिर्दीतील (१७९८–१८३२) नेत्ररुग्णांची रंगीत चित्रे आणि त्यांच्या विकारांची व उपचारांची टिपणेही आहेत. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजाच्या हाती उरले ते मुख्यत्वे विद्येचे राज्य. ग्रंथसंग्रह, छापखाना आणि धन्वंतरी महाल ही त्या राज्याची ठाणी होत. नेत्रचित्रांचे मोल केवळ वैद्यकीय नाही. त्यांतील प्रत्येक डोळा कोणा एका माणसाचा आहे. त्याला दुखले आहे, आणि त्याचे पुढे काय झाले हे नोंदवून ठेवण्याजोगे आहे, असे कोणाला तरी वाटले आहे.

आज कामाचे शिक्षण आभासी वास्तवाच्या साहाय्याने देण्याची पद्धत रूढ होत आहे. डोळ्यांवर यंत्र चढवून खाणकामगार आगीतून वाट काढण्याचा, तर शल्यविशारद मोतीबिंदू काढण्याचा सराव करतो. तेथे चूक झाली तर कळ दाबून पुन्हा आरंभ करता येतो. या सोयीविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न तंत्राचा नसून नीतीचा आहे. शिकाऊ हाताच्या चुकांची किंमत आजवर कोणी मोजली?

उत्तर अवघड नाही, अप्रिय मात्र आहे. ती किंमत बहुधा धर्मार्थ रुग्णालयांतील गरिबांनी मोजली. त्यांची संमती क्वचितच विचारली गेली. ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांच्या शिकाऊ शल्यविशारदांकडून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाचे मागचे पातळ आवरण फाटण्याचे प्रमाण २००९ मध्ये ४.२ टक्के होते, ते २०१५ पर्यंत २.६ टक्क्यांवर आले. अभ्यासकांनी या घटीचा संबंध आभासी सरावाशी जोडला. टक्केवारीतील हा फरक म्हणजे बचावलेली माणसांची दृष्टी होय. तेव्हा ‘खऱ्या रोग्यावाचून खरे शिक्षण नाही’ हे वचन कितीही भारदस्त वाटले, तरी त्याचा भार दुसऱ्याच्या डोळ्यावर पडतो, हे विसरता येत नाही.

तथापि प्रश्न येथे संपत नाही. वेदान्तातील रज्जुसर्पाच्या दृष्टान्तात माणूस दोरीला साप समजतो आणि भितो. भ्रम खोटा असला तरी भय खरे असते. आभासी प्रशिक्षणात क्रम उलटतो. दोरी असल्याचे ठाऊक असूनही सापाशी झुंजण्याचा सराव होतो. हात तयार होतो, परंतु ज्या भयातून जबाबदारी जन्मते, ते भय तेथे नसते. कौशल्य पुनरावृत्तीने येते. उत्तरदायित्व मात्र ज्याची पुनरावृत्ती होऊ शकत नाही, अशा कृतीतूनच येते. ज्याने शंभर वेळा चूक पुसली, त्याला न पुसली जाणारी चूक ओळखता येईलच असे नाही.

मग आभास टाकावा काय? सरफोजींनीच ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाट्यकृतीत जगाचा भूगोल कुरवंजीच्या मुखातून सांगितला. रंगभूमीवरचा समुद्र कोणाला भिजवीत नाही. पण म्हणून ते ज्ञान खोटे ठरत नाही. खोटे ठरते ते नाटक पाहून आपण समुद्र ओलांडला असे मानणे. त्याच राजाच्या संग्रहात कुरवंजीचा कल्पित प्रवासही आहे आणि रुग्णाच्या डोळ्याचे चित्रही. शिक्षणाला या दोहोंची आवश्यकता आहे.

म्हणून यंत्रावरील सराव हे शिकणाऱ्याचे कर्तव्य मानावे, कारण आपल्या अज्ञानाचा खर्च दुबळ्यावर टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्या सरावाला पात्रतेचे अंतिम प्रमाण मानू नये. पहिला खरा रोगी समोर येईल, तेव्हा अनुभवी गुरू शेजारी असावा आणि परिणामाची नोंद प्रामाणिकपणे ठेवली जावी, तो अनुकूल असो वा प्रतिकूल. आभासात चूक पुसण्याची मुभा आहे. प्रत्यक्षात ती लिहून ठेवण्याचे बंधन आहे. तंजावरची ती नेत्रचित्रे या बंधनाची आठवण देतात.