उबदार गढी

सी. एस. लुईस यांची 'द सिल्व्हर चेअर' (१९५३) ही कादंबरी मुलांसाठी लिहिलेली असली, तरी तिच्यातील एक प्रसंग थोरांनीही मननास घ्यावा, असे आम्हांस वाटते.

जिल ही शाळकरी मुलगी भिंतीतील एका दारातून निराळ्याच सृष्टीत प्रवेश करते. हरवलेल्या राजपुत्राच्या शोधासाठी अस्लान हा सिंह तिला चार खुणा सांगतो व त्या रोज सकाळी आणि रात्री घोकण्याची आज्ञा देतो. पुढे वाटेत एक स्त्री राक्षसांच्या गढीतील ऊन पाणी व मऊ बिछाना यांची भुरळ घालते. थंडीने गारठलेली जिल घोकणे सोडते आणि बर्फातील खोल चरांत धडपडत सोबत्यांसह गढी गाठते. तेथे लाड पुष्कळ होतात. बाहेर पडणे मात्र सोपे नसते.

त्या रात्री अस्लान स्वप्नात येतो. सकाळी खिडकीतून खाली पाहताच तिला उमगते, की ज्या चरांत आपण ठेचकाळलो, ती दगडात कोरलेली प्रचंड अक्षरे होती. तिसरी खूण तीच! अक्षरांतून चालूनही ती वाचता आली नव्हती. पुढे मुदपाकखान्यातील पाककृतींच्या पुस्तकात दुसरे सत्य उघडे पडते. सणाच्या मेजवानीचे पक्वान्न आपणच आहोत!

मग बंदिवासानेच तिला सत्य दाखविले, असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. भिंती कोणास शहाणे करीत नाहीत. स्वप्न ही कृपा होती. परंतु 'चूक माझीच, मी खुणा घोकणे सोडले' असे जिल सोबत्यांपुढे कबूल करते, तेथून सुटकेचा मार्ग मोकळा होतो. सत्य राक्षसांनी लपविले, त्याआधी ते उबेच्या हव्यासाने झाकले होते.

येथे एक कबुली आम्हांसही देणे आहे. शिक्षण वा नोकरी अडविलेली एखादी मुलगी आमच्याकडे येते, तेव्हा वडील विचारतात, "फादर, घरात तिला काय कमी आहे?" अशा वेळी 'सहन कर, यातूनच देव तुला शिकवील' असा उपदेश आम्ही केलेला आहे. आज तो आम्हांस बोचतो. त्या गढीतही काहीच कमी नव्हते. देव बंद खोलीतही बोलतो, यावर आमची श्रद्धा आहे. परंतु जिलला त्याने खिडकी दाखविली ती तेथेच राहण्यासाठी नव्हे. सत्य कळताच ती संधी साधून बाहेर पडली. आज्ञापालन ते हेच.

आपल्या लेकींना आपण ऊब जरूर द्यावी. दाराला कडी मात्र बाहेरून नसावी.