गर्दीचं पदव्युत्तर शिक्षण

बोईसरच्या एखाद्या घरात मुलीनं ‘मला इव्हेंट्स मार्केटिंगमध्ये मास्टर्स करायचंय’ असं जाहीर केलं, तर वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे लग्नाचे मांडव घालणार का? त्या प्रश्नात टिंगल कमी आणि काळजी जास्त असते. वडिलांनी एमआयडीसीत तीन पाळ्यांत आयुष्य काढलेलं असतं. मुलगी फार्मसीला गेली की पुढचं सगळं त्यांना दिसतं, नोकरीचं गेटसुद्धा. इथे गेट कुठलं, हेच कळत नाही.

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर मांडवही त्यात आहेच. हा अभ्यास मुळात दोन कामांचा. एक काम कार्यक्रम विकण्याचं: तिकिटं, प्रायोजक, पाहुणे, प्रसिद्धी. दुसरं काम कार्यक्रमाच्या आधारानं भलतंच काही विकण्याचं: मोटार, शहर, पक्ष, फळ, बंदर. पहिल्यात पास की नापास हे त्याच संध्याकाळी दारावर कळतं. दुसऱ्यात ते वर्षभरानंही कळत नाही, आणि दोन वर्षं घालवून शिकण्यासारखं जे काही आहे ते या दुसऱ्याच भागात आहे.

या विषयाला विद्यापीठात जागा मिळून फार काळ झालेला नाही. ब्रिटनमध्ये लीड्स मेट्रोपॉलिटन विद्यापीठानं इव्हेंट मॅनेजमेंटची पदवी सुरू केली ती 1996 साली. गंमत म्हणजे त्याच वर्षी, 1 नोव्हेंबरला, मुंबईनं याच विषयाचं प्रात्यक्षिक अंधेरी क्रीडा संकुलात केलं. मायकल जॅक्सनचा तो कार्यक्रम शिव उद्योग सेनेचा, आयोजन विझक्राफ्टचं. ही कंपनी तेव्हा आठ वर्षांची होती. संध्याकाळ संपली, पाहुणा गेला, पण करमणूक कराच्या माफीचा वाद उरला. मुंबई ग्राहक पंचायत उच्च न्यायालयात गेली आणि राज्य मंत्रिमंडळानं माफीचा विषय अखेर निकाली काढला तो जानेवारी 2021मध्ये. एका संध्याकाळच्या कार्यक्रमाची फाइल चोवीस वर्षं चालली. कार्यक्रमाचा खर्च कोणी उचलायचा आणि त्याचं पुण्य कोणाच्या खात्यावर जमा व्हायचं, हा प्रश्न शिकवायला याहून चांगलं प्रकरण परदेशी पाठ्यपुस्तकात सापडणं कठीण.

तरी शिकवली जातात ती तिकडचीच प्रकरणं. महायुद्धानंतर 1947 साली सुरू झालेला एडिनबरा महोत्सव, ऑलिंपिक, ग्लास्टनबरी. डोनाल्ड गेट्झ यांच्या ‘इव्हेंट स्टडीज’नं या विषयाला अभ्यासशाखेचा घाट दिला, आणि त्यातून मिळणारी शिस्त खरोखर कामाची आहे. कोणासाठी, कशासाठी, किती पैशांत आणि यश मोजायचं कसं, हे कार्यक्रमाआधी कागदावर लिहायला लागतं. आपल्याकडे हे चार प्रश्न बहुधा कार्यक्रमानंतर विचारले जातात, तेही डेकोरेटर बिल घेऊन आला की. पण पालघर जिल्ह्यातून हे शिकायला जाणारी मुलगी रिकाम्या हातांनी जात नाही, एवढं तिला कोणीतरी सांगायला हवं.

डहाणू तालुक्यात चारोटीजवळ विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते. चैत्र पौर्णिमेला सुरू होते आणि पंधरवडाभर चालते. मुसळ्या डोंगराच्या सुळक्यावर रात्री ध्वज चढतो. तो मान वाघाडी गावच्या पुजाऱ्याकडे. महामार्गाला लागूनच एक अख्खं गाव उभं राहतं. पाळणे, मिठाई, बांगड्या हे झालंच. पण सुकी मासळी, मसाले, भांडी, शेतीची अवजारं अशी पावसाळ्यापूर्वीची बेगमीही इथेच होते. गुजरातच्या सीमेपलीकडूनही माणसं येतात. या यात्रेला हॅशटॅग नाही, टॅगलाइन नाही. तारीख पंचांगात आहे, निमित्त देवीचं आहे आणि येणाऱ्याची गरज खरी आहे. मार्केटिंगच्या भाषेत सांगायचं तर ग्राहक मिळवायचा खर्च शून्य आणि पुढच्या वर्षी परत येण्याची खात्री जवळपास पूर्ण. मोखाडा-जव्हारकडच्या बोहाडा या सोंगांच्या उत्सवातही कोणतं सोंग कोणी नाचवायचं हे घराण्यांकडे चालत आलेलं असतं. नाचणारा स्वतःच यजमान असला की प्रेक्षक गोळा करायला फ्लेक्स लावावा लागत नाही.

पालघरच्या ज्या महाविद्यालयात इथली मुलं मॅनेजमेंट शिकायला जातात त्याला नाव आहे सोनोपंत दांडेकरांचं. ते केळवे-माहीमचे, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि वारकरी संप्रदायाचे मोठे अभ्यासक. याच संप्रदायाच्या पालखी सोहळ्याला एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी जी शिस्त लावली ती आजही चालते. दिंड्यांना क्रमांक असतात, रथापुढच्या आणि रथामागच्या. मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या तळावर उभ्या राहतात. कोणाची तक्रार असेल तर ती तिथे मांडली जाते, हरवल्या-सापडल्याची घोषणा होते, चोपदारांनी दंड उंचावला की टाळ थांबतात. लाखांच्या मेळ्यात रोज संध्याकाळी तक्रार ऐकायची सोय! पैसे घेऊन तिकिटं विकणाऱ्या किती आयोजकांनी ही सोय केली आहे?

परंपरेचं कौतुक इथेच थांबवायला हवं, कारण सगळ्याच गोष्टी पंचांगातून येत नाहीत. डहाणू-घोलवडचा चिकू आला तो व्यापारी बागायतीतून. हे फळ विकायला अवघड. तोडल्यावर ते पिकायला लागलं की दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं, वरून ते दिसायला साधं, आणि आंब्याला आहे तसा त्याला थाट नाही. म्हणून 2013पासून बोर्डीच्या किनाऱ्यावर चिकू महोत्सव सुरू झाला. चिकूच्या चिप्स, लोणची, आइस्क्रीम, वारली चित्रांचे स्टॉल, तारपा, बागांमधली फेरी. पुढे 2016 साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं आणि बोर्डीतच चिकूपासून वाइनही निघाली. याला मार्केटिंग म्हणायचं, आणि चांगलं म्हणायचं. किनाऱ्यावरच्या दोन दिवसांनी मुंबईकराला चिकूचं गाव दाखवलं.

फक्त मोजमापात एक खोट राहते. महोत्सवाला किती माणसं आली हे मोजायला सोपं, म्हणून तेच छापून येतं. बागायतदाराच्या हातात किलोमागे काय जास्त पडलं, स्टॉल लावणाऱ्या बाईला पुढच्या सहा महिन्यांत किती फोन आले, तिचा माल मुंबईच्या एखाद्या दुकानात लागला का, हे कोणी मोजायचं? हा सोपा हिशेब नाही. म्हणूनच तर तो पदव्युत्तर प्रबंधाचा विषय आहे.

आणि कधी कधी भव्य, नीट आखलेल्या कार्यक्रमाचाही निरोप वेगळाच जातो. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरच्या सिडको मैदानावर पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. प्रकल्प सुमारे 76 हजार कोटींचा. मंडप मोठा, बंदोबस्त कडेकोट. दुसऱ्या दिवशी मथळे मात्र गाजले ते माफीचे. मालवणला राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पुतळा चारच दिवसांपूर्वी, 26 ऑगस्टला कोसळला होता आणि पंतप्रधानांनी पालघरच्या व्यासपीठावरून त्याबद्दल माफी मागितली. आता याची दुसरी बाजू पाहा. तो पुतळाही एका कार्यक्रमात उभा राहिला होता, 4 डिसेंबर 2023च्या नौदल दिनी. मुहूर्त गाठण्याच्या घाईची चर्चा नंतर महाराष्ट्रभर झाली. मालवणच्या कार्यक्रमाचं ओझं नऊ महिन्यांच्या आत पालघरच्या कार्यक्रमावर येऊन पडलं.

त्याच दिवशी किनाऱ्यावरच्या गावांत बंदराच्या विरोधात काळे झेंडे होते. मच्छीमारांचा हा विरोध जुना आहे. त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध लिहिणं हा इथला विषय नव्हे. पण मार्केटिंग शिकणाऱ्यानं एवढं टिपून ठेवावं की ज्याचं जाळं आणि ज्याचा किनारा पणाला लागला आहे, त्याचं मत भूमिपूजनाच्या मंडपात बदलत नाही. ते बदलायचं असेल तर गावातल्या बैठकीत, नुकसानभरपाईच्या कागदावर आणि दिलेला शब्द पाळून. कार्यक्रम हा सगळ्यात शेवटी येतो. आपल्याकडे तो पहिला ठेवण्याची खोड आहे.

या अभ्यासक्रमांत एक प्रकरण सक्तीचं असावं. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखोंचा समुदाय, उघडं मैदान, एप्रिलचं ऊन, भर दिवसाची वेळ. उष्माघातानं 14 माणसं गेली. त्या सोहळ्यात गर्दी जमवण्यात काहीही कमी पडलं नव्हतं. कमी पडलं ते सावलीत आणि वेळेत. गर्दी बोलावणारा एक आणि तिची जबाबदारी दुसऱ्याची, ही वाटणी आपल्या आयोजकांना फार सोयीची वाटते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थ कुंभमेळ्याचा काळ आता जवळ आला आहे आणि मोखाड्याहून त्र्यंबकेश्वर लांब नाही. त्याच नाशकात 2003च्या कुंभात चेंगराचेंगरीत 39 भाविक दगावले होते. मार्केटिंगच्या विद्यार्थ्याला हे शिकवताना ‘तो ऑपरेशन्सचा पेपर आहे’ असं सांगणारा प्राध्यापक बदललेला बरा.

आता बोईसर-तारापूरकडे वळू, कारण नोकरीचं गेट तिथेच आहे आणि वडिलांना नेमकं तेच दिसत नाही.

तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायनं, औषधांचा कच्चा माल, कापड, पोलाद असं सगळं बनतं. हा माल घरोघरी विकला जात नाही, त्याची दूरदर्शनवर जाहिरात होत नाही. तो विकला जातो तो प्रदर्शनांत: गोरेगावच्या नेस्कोत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, दिल्लीत, परदेशात. एखाद्या लहान कारखान्याच्या मालकाचा स्टॉल डोळ्यांसमोर आणा. तीन बाय तीन मीटरची जागा, मागे घाईत छापलेला बॅनर, टेबलावर काचेच्या बाटल्यांत पांढऱ्या भुकट्यांचे नमुने, एका वाटीत चॉकलेटं आणि दुसरीत येणाऱ्या-जाणाऱ्यांची व्हिजिटिंग कार्डं. तीन दिवस उभं राहून पाय दुखतात. कार्डांना रबरबँड लागतो, गठ्ठा टेबलाच्या खणात जातो आणि पुढच्या प्रदर्शनापर्यंत तिथेच राहतो. जागेचं भाडं, प्रवास, हॉटेल, नमुने यांवर झालेला खर्च आणि त्या खणातला गठ्ठा यांच्यामध्ये जी पोकळी आहे, तिथे या पदवीधर मुलीची नोकरी आहे. कोणत्या प्रदर्शनाला जायचं, कोणत्या खरेदीदाराची वेळ आधी घ्यायची, परत आल्यावर आठवड्याभरात कोणाला काय पाठवायचं, हे काम सध्या मालकाचा भाचा सवडीनं करतो.

त्यात तारापूरची एक खास अडचण आहे. देशातलं पहिलं अणुऊर्जा केंद्र 1969पासून इथे चालू आहे, म्हणून हे नाव शाळेच्या पुस्तकात आहे. पण बातम्यांत ते येतं स्फोटांमुळे, सांडपाण्यामुळे आणि हरित लवादाच्या दंडामुळे. औषधी कच्चा माल घेणारा परदेशी ग्राहक कारखान्याचं ऑडिट केल्याशिवाय सही करत नाही. सांडपाण्याच्या प्रश्नाला स्टॉलवर उभ्या असलेल्या माणसाकडे खरं उत्तर नसेल, तर बॅनर कितीही चकचकीत असो, उपयोग नाही. चांगली मार्केटिंगवाली हे मालकाला प्रदर्शनाआधी सांगेल.

चिंचणी-वरोर पट्ट्यात घराघरांत डायमेकिंग चालतं. पोलादाच्या लहानशा ठोकळ्यावर कारागीर दागिन्याची नक्षी उलटी कोरतो. त्यावर सोन्याचा पत्रा दाबला की फूल, पान, कोयरी उठून येते. ऑगस्टमध्ये मुंबईत भरणाऱ्या ‘आयआयजेएस’ या दागिन्यांच्या प्रचंड प्रदर्शनात झगमगाट असतो तो दागिन्याचा. ज्या डायमधून अशी नक्षी उतरते तो कोरणाऱ्याचं नाव त्या झगमगाटात सहसा कुठेच नसतं. वारली चित्रकलेला जिव्या सोमा मशे यांच्यामुळे जगाच्या कलादालनांत नाव मिळालं. डायच्या कारागिराला तसं व्यासपीठ मिळवून द्यायला फार मोठा मंडप लागणार नाही, पण कोणीतरी ते काम आपलं म्हणून हाती घ्यायला हवं.

तेव्हा ही पदवी घ्यावी की नाही? पदवीनंतर लगेच, कर्ज काढून, नुसत्या झगमगाटाच्या ओढीनं घेऊ नये. स्टेजमागची धावपळ, परवानग्या, रात्री दहानंतरचा लाउडस्पीकरचा नियम, जनरेटर बंद पडल्यावरची तारांबळ हे दोन हंगाम कोणाच्या हाताखाली काम केलं की येतं. त्याला विद्यापीठ लागत नाही. त्यानंतर जिला ‘हे सगळं कशासाठी आणि उपयोग किती झाला’ असा प्रश्न पडेल तिनं जरूर जावं, मुंबईला किंवा लीड्सला. आणि प्रबंधाचा विषय एडिनबराचा घेऊ नये, इथलाच घ्यावा. 2013मध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल धावू लागल्यापासून मुंबई आणि बोईसर एका तिकिटावर आले आहेत. पालघर-बोईसरच्या महाविद्यालयांनी इथल्या कारखानदारांच्या संघटनेशी बोलून दर वर्षी चार विद्यार्थी चार लहान कारखान्यांसोबत प्रदर्शनाला पाठवावेत, आणि सहा महिन्यांनी त्या चार खणांतल्या कार्डांचा हिशेब मागावा.