पाहिलेले, ऐकलेले आणि वाटलेले



दीक्षाभूमीवरून घरी परतल्यावरच नवदीक्षित कुटुंबाची खरी परीक्षा सुरू होते. देव्हारा उतरवलेला असतो. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लागलेली असते. अशात एखाद्या रात्री लेकरू तापाने फणफणते आणि सकाळी आत्या, मावशी, शेजारीण दारात येऊन म्हणतात, "घरचे देव बाहेर काढलेत, त्याचेच हे फळ!" आईचे काळीज ते! दिवसा ती उत्तर देते, पण रात्री लेकराच्या उशाशी बसली की मनात येते : खरेच तसे असेल काय?

बंधूंनो, त्या माउलीवर रागावू नका. धम्माने दिलेले साधन तिच्या हाती द्या. शेजारणीच्या त्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लेकराला ताप आहे, ही घटना. कपाळाला हात लावून ती कळते, थर्मामीटर लावून मोजता येते. ताप देवाच्या कोपाने आला, हे मत. तो कोप कोणी पाहिला? कशाने मोजला? पण ताप खरा असतो, म्हणून त्याला चिकटवलेला कोपही खरा वाटू लागतो. फसगत होते ती इथेच.

आपल्या आजी-पणजीच्या काळी एका भयंकर रोगाचे नावच 'देवी' होते. मूल दगावले तर देवी कोपली म्हणत, वाचले तर देवी पावली म्हणत. कसेही झाले तरी देवीचे मत अबाधित! इंग्लंडात जेन्नर या वैद्याने १७९६ साली गाईच्या देवीची लस टोचून पाहिली. पुढे गावोगाव रोगी शोधून त्यांच्या सहवासातील लोकांना लस टोचण्यात आली. १९७५ नंतर भारतात हा रोग उरला नाही आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तो जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. नवसाने जे झाले नाही ते लसीने झाले. शेकडो वर्षे छातीठोकपणे सांगितलेले मत घटनेच्या कसोटीला उतरले नाही.

ही कसोटी आपल्याला कोणी दिली? कोसल देशातील केसपुत्त नगरात कालाम लोक राहत. त्यांच्याकडे नाना पंथांचे आचार्य येत. प्रत्येक जण आपलेच मत खरे म्हणून मिरवी आणि दुसऱ्याचे तुच्छ ठरवी. गोंधळलेल्या कालामांनी भगवंतांना विचारले, आम्ही मानावे तरी कोणाचे? अंगुत्तर निकायात ही कथा आहे. भगवंतांनी त्यांच्या शंकेला दोष दिला नाही. परंपरेने आले, ऐकीव आहे, ग्रंथात आहे, तर्काला पटते, एवढ्यावरून काही मानू नये, असे त्यांनी सांगितले. एवढेच नव्हे, हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनही मानू नये, असे म्हणून त्यांनी स्वतःलाही कसोटीवर उभे केले. कोणते आचरण अहिताचे व कोणते हिताचे, हे स्वतः जाणून मग सोडावे किंवा धरावे. जगातील किती धर्मसंस्थापकांनी हे धैर्य दाखवले?

पण उपासकहो, दुसऱ्याचे मत तपासणे सोपे असते. आता आरसा स्वतःकडे वळवू या. विहारात चर्चा रंगते तेव्हा आपण काय करतो? कोणाकडून तरी ऐकलेले डोळ्यांनी पाहिल्यासारखे सांगतो. नागपूरचेच उदाहरण घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी तेथे दीक्षा घेतली, ही घटना. तेथे राष्ट्रीय स्वयंसेवक संघ आहे म्हणून त्यांनी ते ठिकाण निवडले, असे लोक तेव्हाच बोलू लागले. दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरच्या भाषणात, बाबासाहेबांनी स्वतःच ते नाकारले आणि या भागात बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांचे कारण सांगितले. तरीही ते जुने अनुमान आपल्यातीलच काही जण घटना म्हणून सांगतात. बाबासाहेबांच्या तोंडी आपले मत घालणे, हा त्यांचा गौरव नव्हे.

मग मत बाळगूच नये काय? तसे नाही. मज्झिम निकायातील चंकी सुत्तात सोळा वर्षांच्या कापटिक नावाच्या ब्राह्मण तरुणाने सत्याचे रक्षण कसे होते, असा प्रश्न केला आहे. भगवंतांच्या उत्तराचा आशय असा : जो आपल्या श्रद्धेला श्रद्धा, ऐकलेल्याला ऐकलेले आणि विचाराने पटलेल्याला तसेच म्हणतो, तो सत्याचे रक्षण करतो, मात्र तेवढ्यावरून हेच खरे, बाकी सारे खोटे, अशा निष्कर्षाला त्याने येऊ नये. चौथे शील पाळणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे. ठरवून बोललेले असत्य आपण टाळतो, पण आपले अनुमान घटना म्हणून सांगताना सत्याचे रक्षण सुटते, याची आपल्याला जाणीव नसते.

म्हणून घरात, पंचायतीत, विहारात बोलण्यापूर्वी स्वतःला विचारा : हे मी पाहिले, की ऐकले, की मला वाटते? मुलांनाही तशी सवय लावा. निम्मी भांडणे तिथेच मिटतील.

आणि ती आई? तिने लेकराला आधी डॉक्टरांकडे न्यावे, औषध द्यावे. मग त्रिशरण-पंचशील म्हणावे, त्याने तिचे मन स्थिर होईल. लेकरू बरे झाले की शेजारणीला मात्र असे सांगू नये, की वंदनेने ताप उतरला. तसे सांगितले तर देव्हारा घरातून गेला, पण मनात राहिला, असेच म्हणावे लागेल. औषधाने ताप उतरला, एवढेच सांगावे. शेजारणीच्या दारात उच्चारलेले हे एक खरे वाक्य म्हणजेच तिचे धम्मप्रवचन होय.

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!