तो तयार आहे ना?

माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ आहे. एक मिनिट बारा सेकंदांचा. गेल्या वर्षी गणपतीच्या आठवडाभर आधी, संध्याकाळी, पाऊस थोडा थांबला होता तेव्हा काढलेला.

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारात बारा मीटर उंच लोखंडी खांब आहे. म्हणजे साधारण चार मजले. त्यावर चार फ्लडलाइट. त्यातला एक गेला होता आणि मंडप त्याच्याच खाली पडणार होता. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारा एक वायरमन आहे, सगळे त्याला दादा म्हणतात. तो ॲल्युमिनिअमची सरकती शिडी घेऊन आला. शिडी जिथे संपली तिथून वर तो खांबाला कवटाळून चढला. कमरेला सुती दोर, पायात काही नाही. मी खालून शूट करत होते. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमचा स्पायडरमॅन’ असं लिहून टाकलं, अंगठे आणि टाळ्यांचा पाऊस पडला.

ग्रुपवर टाकला तो व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. पुढचा भाग मी कापला.

पुढच्या भागात अठ्ठावन्नाव्या सेकंदाला उरलेले तीन दिवे अचानक पेटतात. दिवे बंद होते म्हणून आम्ही सगळ्यांनी वीज बंद आहे असं धरलं होतं. पण ते टायमरवर होते, आणि साडेसहाला टायमरनं आपलं काम केलं. दादाचा हात झटक्यानं मागे येतो, तो एका बाजूला कलंडतो, दोरावर लोंबतो, मग पुन्हा खांब पकडतो. तेवढ्यात फ्रेम हलते, कारण माझाही हात हलला होता. खाली आल्यावर तो हसला. “काही नाही ताई, मुंगी चावली.” चहा प्यायला, पंधराशे रुपये घेतले, गेला.

विजेचं एक गणित मला नंतर कळलं. प्रवाह थोडा असेल तर माणूस नुसता दचकतो. पंधरा-वीस मिलिअँपिअरच्या आसपास गेला तर हाताचे स्नायू असे आखडतात की पकड सुटत नाही. जमिनीवर दचकणं म्हणजे शिवी हासडून हात झटकणं. बारा मीटरवर तोच धक्का, तेवढाच प्रवाह, आणि माणूस विजेनं नाही तर जमिनीनं मरतो.

यंदा मी सोसायटीची सेक्रेटरी आहे. (कुणीच तयार नव्हतं म्हणून. एकोणतिसाव्या वर्षी सेक्रेटरी होणं ही महत्त्वाकांक्षा नसते, अपघात असतो.) जूनमध्ये खेळणारी मुलं सांगायला लागली की खांबाला हात लावला की मुंग्या येतात. म्हणजे आतली केबल कुठेतरी खराब होती आणि अर्थिंग धड नव्हतं. दोन अंदाज आले. लायसन्सवाल्या कंत्राटदाराचा सव्वीस हजार: त्यात बूम लिफ्टचं दिवसाचं भाडं, ती आणण्या-नेण्याचा खर्च, केबल, अर्थिंग, मजुरी. दादाचा सहा हजार, सगळं धरून.

मीटिंगमध्ये खजिनदार काकांनी एकच प्रश्न विचारला. “तो तयार आहे ना? मग आपण कोण नाही म्हणणारे?”

हा प्रश्न तुम्ही हसण्यावारी नेऊ नका. मी नेला होता, आणि मग रात्रभर तोच डोक्यात राहिला. दादा प्रौढ आहे. वीस वर्षं हेच काम करतोय. धोका काय आहे हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यानं आकडा सांगितला, आपण मान्य केला. जबरदस्ती कुठे आहे?

हा युक्तिवाद जुना आहे. १८९१ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर स्मिथ विरुद्ध बेकर असा एक खटला आला. रेल्वेच्या कामावर एक मजूर खडकात भोकं पाडत होता आणि क्रेन त्याच्या डोक्यावरून दगड नेत होती. एक दगड पडला, तो जखमी झाला. मालकाचं म्हणणं असं की धोका त्याला माहीत होता, तरी तो काम करत राहिला, म्हणजे त्याची संमतीच होती. न्यायाधीशांच्या बहुमतानं ते मानलं नाही. धोका ठाऊक असणं वेगळं आणि तो आपल्या अंगावर घ्यायला मान्यता देणं वेगळं. तो कामावर येत राहिला एवढ्यावरून दुसरी गोष्ट सिद्ध होत नाही.

मला हे वाचून बरं वाटलं, आणि लगेच खटकलंही. कारण असं म्हणत गेलं तर गरीब माणसाचा होकार कधीच खरा नसतो, असं होईल. दादाला मी तोंडावर सांगायचं का, की तुझ्या ‘हो’ला किंमत नाही, कारण तुला पैशांची गरज आहे? हा त्याचा अपमानच. माझ्याही नोकरीला मी गरजेपोटीच ‘हो’ म्हटलंय.

म्हणून मी त्याचा होकार खरा की खोटा हे शोधणं सोडून दिलं. तो खराच धरला. मग दुसरंच काही दिसायला लागलं: आम्ही त्या होकाराचा उपयोग कशासाठी करत होतो? शिडी पुरेल का, वीज नक्की बंद आहे का, टायमर कुठे आहे, पडला तर काय, हे सगळे प्रश्न आमचे होते. आवार आमचं, खांब आमचा, टायमरही आमचा. ‘तो तयार आहे’ म्हटलं की ते सगळे एका वाक्यात मिटत होते. समजा दादा काकांचा सख्खा भाऊ असता, एवढाच अनुभवी आणि एवढाच तयार. काकांनी त्याला चढू दिलं असतं? शर्टाला धरून खाली ओढलं असतं.

मीटिंगमध्ये चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी मोबाइलवर नियम शोधून वाचून दाखवला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत. त्यांत वायरिंगचं काम लायसन्सवाल्या कंत्राटदाराकडूनच, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातून करून घ्यायचं असतं. पण नुसता दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलायचा असेल तर सूट आहे. “म्हणजे गेल्या वर्षी आपण काहीच बेकायदा केलं नाही,” ते म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. दिवाच तर बदलत होतो. दिवा किती उंचावर आहे, हे त्या सवलतीत येत नाही.

मग मी पूर्ण व्हिडिओ दाखवला. एक मिनिट बारा सेकंद, टीव्हीला जोडून.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काकांनी विचारलं, “हे तू तेव्हाच का नाही दाखवलंस?” याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. टॉमस नेगेल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये ‘नैतिक नशीब’ या विषयावर निबंध वाचले होते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या दोघांपैकी एकाच्या समोर मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. बेपर्वाई तेवढीच, पण एक गुन्हेगार ठरतो आणि दुसरा घरी जाऊन झोपतो. मी घरी जाऊन झोपले होते. दोर तुटला असता तर तोच व्हिडिओ पोलिसांनी मागितला असता, आणि त्यावर ‘स्पायडरमॅन’ लिहिलेलं असतं.

दोन अंदाजांमधला फरक वीस हजार. अठ्ठेचाळीस फ्लॅट. प्रत्येकी चारशे सतरा रुपये, म्हणजे शनिवारचा एक पिझ्झा. ठराव मंजूर झाला.

इथेच थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण बूम लिफ्ट आली त्या दिवशी मला कळलं की कागद पुरत नाही. ऑपरेटरनं आल्या आल्या विचारलं, जमिनीखालची पाण्याची टाकी कुठे आहे? पेव्हर ब्लॉकखाली टाकी असेल तर एवढ्या वजनानं स्लॅब खचतो. मी सेक्रेटरी, पण मला नकाशा शोधावा लागला. काम करणाऱ्या पोराचं परमिट मागितलं तेव्हा त्यानं विचित्र नजरेनं पाहिलं, पण दाखवलं. हार्नेस घातलेला होता, त्याचा हूक मात्र बादलीला अडकवलेला नव्हता. “अजून वर कुठे गेलोय, मॅडम?” मी म्हटलं, आत्ताच अडकव. मग त्यानं एक गोष्ट केली जी मी विसरणार नाही. खांबाच्या पेटीतला एमसीबी पाडला, त्याला छोटं कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. टायमरला काय करायचं ते करू दे. वर जाऊनही आधी टेस्टर लावून पाहिला.

दुपारी दादा आला. कुणाकडे तरी गीझर बघायला आला होता. गेटपाशी उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला.

“एवढ्या मशीनला पैसे आहेत होय, ताई,” तो म्हणाला. “मी मागच्या वर्षी दोनशे वाढवून मागितले तर काका म्हणाले, सोसायटी तोट्यात आहे.”

मी काय बोलणार? सुरक्षिततेचे पैसे आमच्याकडे निघाले, पण ते त्याच्या सुरक्षिततेसाठी नव्हते. त्याच्याकडे परमिट नाही, काम तो उस्तादाच्या हाताखाली शिकला. आमच्या स्वच्छ विवेकाचं बिल त्यानं भरलं, सहा हजारांचं. परमिटसाठी काय लागतं याची चौकशी करून देते, असं मी म्हटलं. तो “बघू” म्हणाला, आपण जसं लग्नाच्या स्थळाला म्हणतो तसं.

मग त्यानं विचारलं, त्या बादलीतून एकदा वर जाता येईल का? ऑपरेटर नाही म्हणाला, आणि ते बरोबरच होतं. दादा म्हणाला, “मग त्या पोराला सांगा, डावीकडून तिसऱ्याचा ड्रायव्हर बघ. गरम होतो तो. मी हात लावून बघितलंय.”

मी सांगितलं. पोरगा म्हणाला, ते ऑर्डरमध्ये नाही, मॅडम.

दिवाळीच्या चार दिवस आधी तिसरा दिवा गेला.