दहीसाखर आणि मेंदूतल्या चुली

नायगावहून ‘नीट’च्या तयारीसाठी नांदेड-लातूरला गेलेल्या मुलांच्या हातावर परीक्षेच्या सकाळी दहीसाखर पडते आणि पिशवीत ग्लुकोजची पूड जाते. दहीसाखर हा शकुन. पुडीमागे मात्र एक ठाम समजूत आहे. मेंदू हे कोठार, साखर ओतली की डोकं चालणारच! ही समजूत अगदीच निराधार नाही. शरीराच्या वजनात जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतल्या शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा खातो. पण 1955 साली लुई सोकोलॉफ आणि सहकाऱ्यांनी माणसांना तोंडी गणितं घातली, तेव्हा संपूर्ण मेंदूचा प्राणवायूचा वापर वाढलेला दिसला नाही. मग विचार फुकटात होतो का? तसं नव्हे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा मेंदूही अखंड बोलत असतो. एका कोपऱ्यातली वाढ एकूण हिशेबात लपते. संदेशामागून पेशीत शिरलेले आयन पुन्हा बाहेर उपसण्यावर या ऊर्जेचा मोठा भाग जातो, असं गणित 2001 मध्ये अ‍ॅटवेल आणि लाफलिन यांनी मांडलं.

खर्च कळला, तरी इंधन शिजतं कुठे हा प्रश्न उरलाच. कमला सोहोनी यांनी 1939 च्या सुमारास केंब्रिजमध्ये बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन दाखवलं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांमधल्या श्वसनसाखळीतला हाच दुवा आपल्या पेशींतही असतो. म्हणजे एटीपी हे ऊर्जेचं चलन पाडण्याची मूळ रीत बटाट्यात आणि मेंदूत एकच. वेगळेपण आहे ते पत्त्यात. चेतापेशीची टोकं तिच्या मुख्य भागापासून फार लांब असू शकतात, आणि दोन पेशी जिथे बोलतात तो सिनॅप्स या टोकांशीच असतो. विद्या रंगराजू, टिमोथी रायन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये टोकांतला एटीपी मोजला. संदेश सुरू होताच तिथल्या तिथे नवा एटीपी तयार होत होता. ही निर्मिती रोखली की संदेशवाहक पुटिकांचं चक्र लवकरच अडलं. 2017 मध्ये रायन यांच्याच प्रयोगशाळेला आढळलं, की स्नायूंत साखर आत घेणारं ग्लूट-4 हे प्रथिन काम वाढताच सिनॅप्सच्या पृष्ठभागावरही येतं. थोडक्यात, एका कोठारावर न विसंबता प्रत्येक टोक गरजेपुरती आपली चूल पेटवतं.

यावर आक्षेप आहेत. हे प्रयोग मुख्यतः काचपात्रात वाढवलेल्या उंदरांच्या पेशींवरचे आहेत. शिवाय चेतापेशींना शेजारच्या तारकापेशी लॅक्टेट हे इंधन पुरवतात, असं पेलेरिन आणि माजिस्त्रेत्ती यांनी 1994 मध्येच सुचवलं होतं. त्या पुरवठ्याचा वाटा किती, हा वाद अजून मिटलेला नाही. पण सरपण शेजारणीने दिलं, तरी चूल पेटवायची ती याच घरात. 2019 मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विदिता वैद्य, उल्लास कोल्थूर-सीताराम आणि सहकाऱ्यांनी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या चेतापेशींत दाखवलं, की सेरोटोनिन हे पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन तंतुकणिकांची संख्या आणि एटीपी वाढवतं. निरोप्याच चुलीची व्यवस्था लावतो म्हटल्यावर बोलणं आणि इंधन ही दोन खाती वेगळी उरत नाहीत.

उपाशी मुलाला किंवा मधुमेहात साखर उतरलेल्याला ग्लुकोज हवंच. पण निरोगी, पोटभर जेवलेल्या मुलाच्या रक्तातली साखर शरीर स्वतःच सांभाळतं. आणखी पूड ओतल्याने टोकाटोकावरच्या चुली अधिक पेटतील, असं मानायला आधार नाही. दहीसाखरेने निदान तसा दावा कधी केलेला नाही.